आंबील ओढा आणि लहान बांधांचें पूरनिवारण

पुणें शहराविषयीं आजवर जें लेखन झालें आहे, त्यांत वाडे, पेठा व देवालयें यांस योग्य तें स्थान मिळालें आहे. परंतु जे ओढे वळवून व अडवून हीं स्थळें वसविण्यांत आलीं, त्या ओढ्यांचा विचार त्या मानानें थोडा झाला आहे. हा विचार केवळ जिज्ञासेचा नव्हे. ता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्यास जो लोंढा आला, त्यानें अरण्येश्वर व त्याखालच्या वस्त्यांत हाहाकार केला. आणि त्या रात्रीच्या पावसांत पुणें व आसपासचा मुलूख मिळून वीसहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां या ओढ्यावर पूर्वीं कोणते बांध पडले, अशा बांधांनीं पुराचें निवारण कोणत्या रीतीनें व कोठवर होतें, आणि पिंपरी-चिंचवड व चाकण या बाजूस जी नवी वसाहत झाली आहे तिनें त्यापासून काय घ्यावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावून उत्तरेकडे वाहतो. डोंगराचा उतार तीव्र, खालीं काळा कातळ आणि वर मातीचा थर पातळ. त्यामुळें मोठी सर आली कीं पाणी जमिनींत फारसें न मुरतां लागलेंच ओढ्यास मिळतें. मोठ्या नदीचा पूर चढावयास व उतरावयास दिवस लागतात. ओढ्याचा लोंढा कांहीं घटकांत येतो आणि जातो. सावध होण्यास वेळ मिळत नाहीं, हाच त्यांतील मुख्य धोका होय. जुन्या कसब्याच्या पूर्वेस नागझरी, उत्तरेस मुठा आणि पश्चिमेस हा ओढा अशी पूर्वीं पुण्याची मांडणी होती. दादोजी कोंडदेव यांच्या कारभारांत या ओढ्यावर बांध पडल्याची परंपरा सांगितली जाते. ती बाजूस ठेविली, तरी अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत (१७४०–१७६१) जीं कामें झालीं, त्यांविषयीं संशय उरत नाहीं.

हीं कामें दोन प्रकारचीं होतीं. पहिलें, वरच्या अंगास कात्रज येथें ओढा अडवून तलाव करण्यांत आला व तेथून जमिनीखालील बांधीव नळानें पाणी शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत आणिलें. नळांतील हवा निघून जावी व गाळ काढतां यावा म्हणून जागोजाग उच्छ्वास बांधले, त्यांपैकीं कांहीं अद्यापि दृष्टीस पडतात. दुसरें, पर्वतीच्या पायथ्याशीं बांध घालून सुमारें २५ एकरांचें तळें केलें व ओढ्याचा मूळ प्रवाह शहरांतून काढून पश्चिमेकडे वळविला. तळ्याचें काम रेंगाळलेलें पाहून श्रीमंत स्वतः हत्तीवरून उतरले व दगड उचलूं लागले, तेव्हां बरोबरचे सरदारही कामास लागले, अशी आख्यायिका आहे. या तळ्याच्या मध्यभागीं तळ्यांतला गणपति स्थापिला गेला. विसाव्या शतकांत तळें जाऊन त्या जागीं सारसबाग झाली. ओढा आतां दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेस मिळतो.

ओढा वळविल्यानें शहराचा मोठा लाभ झाला; पश्चिमेकडे पेठा वाढण्यास जागा मोकळी झाली. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. प्रवाह वळविल्यानें पाणी नाहींसें होत नाहीं. जो लोंढा पूर्वीं कसब्याच्या कडेनें जाई, तो नव्या पात्रानें जाऊं लागला, इतकेंच. नव्या पात्राच्या दोहों बाजूंस जोंवर मोकळी जमीन होती तोंवर लोंढा पसरे व ओसरे. तेथें भिंती व घरें आलीं तेव्हां तोच लोंढा उंच चढूं लागला.

आतां बांधाचा गुण पाहूं. समजा, एका ओढ्यास एक चौरस किलोमीटर डोंगराचें पाणी मिळतें, तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यांतील अर्धें पाणी वाहून आलें. तें पाणी ५० हजार घनमीटर होतें. म्हणजे ओढ्यांतून सेकंदास सरासरीनें साडेचार घनमीटरांहून अधिक पाणी तीन तास धांवेल. वाटेंत बांध असून त्याच्या तळाच्या मोरींतून सेकंदास एक घनमीटरच पाणी जाऊं शकत असेल, तर तितक्या वेळांत सुमारें ११ हजार घनमीटर पुढें जाईल व उरलेलें ३९ हजार बांधामागें थांबेल. तें पुढें आणखी अकरा तासांत हळूहळू निघून जाईल. पाणी तितकेंच गेलें. परंतु तीन तासांचें चौदा तासांत गेलें, म्हणून खालच्या गांवास पूर जाणवला नाहीं.

या हिशेबांत एक अट आहे: पाऊस येण्यापूर्वीं ती ३९ हजार घनमीटरांची जागा रिकामी असली पाहिजे. पिण्याच्या पाण्यासाठीं किंवा शेतीसाठीं बांधिलेलें तळें भरलेलें असावें अशीच मालकाची इच्छा असते. मृगाच्या पहिल्या पावसांत असें तळें लोंढा पोटांत घेतें. भाद्रपद-आश्विनांत तें कांठोकांठ असतां आलेला लोंढा सांडव्यावरून बहुतेक जसाच्या तसा खालीं जातो. तळें आहे म्हणून आपण सुरक्षित आहों, ही समजूत त्या वेळीं घातक ठरते. २०१९ चा लोंढा सप्टेंबरच्या अखेरीस आला, हें येथें आठवावें.

यास उपाय अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत मोठ्या प्रमाणावर केलेला आढळतो. मार्च १९१३ मध्यें मायामी नदीच्या पुरानें डेटन शहर बुडालें. त्यानंतर तेथील लोकांनीं नदीच्या खोऱ्यांत मातीचीं पांच धरणें बांधिलीं. तीं १९२२ सालीं पुरीं झालीं. त्यांच्या मोऱ्यांस दारें नाहींत. एरव्हीं धरण कोरडें असतें, आंतील जमिनींत शेती चालते. पूर आला म्हणजे मात्र मोरींत न मावणारें पाणी आपोआप मागें तुंबतें. कोणी दार उघडावें अथवा मिटावें याची गरजच तेथें ठेविलेली नाहीं.

आपल्याकडील लहान बांध बहुधा मातीचे असतात. पोटांत काळ्या चिकण मातीचा गाभा, त्यावर दोहों अंगांस मुरुमाचा भराव, पाण्याच्या अंगास दगडी अस्तर आणि खालीं कातळापर्यंत खणलेला चर मातीनें ठासून भरलेला, अशी त्याची रचना असते. गाभा पाणी अडवितो व मुरूम वजन देतो. मातीच्या बांधास एक गोष्ट सोसत नाहीं, ती ही कीं पाणी त्याच्या माथ्यावरून जाणें. एकदां पाणी माथ्यावरून वाहूं लागलें कीं माती धुपून खिंड पडते व अडविलेलें सर्व पाणी एकदम सुटतें. म्हणून सांडवा हा मातीच्या बांधाचा प्राण होय. ता. १२ जुलै १९६१ रोजीं आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण फुटलें, तें याचें दारुण उदाहरण आहे. पाणी सोडण्याच्या मोरीचें काम अपुरें असतांच धरण भरलें, मोरीवरील भराव खचला आणि पाणी माथ्यावरून गेलें. त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें दगडी धरणही फोडिलें व पुणें बुडविलें.

पिंपरी-चिंचवड व चाकण या प्रदेशांतून पवना, इंद्रायणी व भामा या नद्या वाहतात. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें शेतें व माळ यांवर कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. मोठ्या धरणांकडे सर्वांचें लक्ष असतें. पवना धरणांतून पाणी सुटलें व नदी चढली म्हणजे चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिरांत पाणी शिरतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु छपरें व फरसबंदी झालेल्या जमिनींत पाणी मुरत नाहीं; वरच्या हिशेबांत अर्धें पाणी वाहून येतें असें आम्हीं धरिलें, तेथें तें पाऊणपट किंवा अधिक होऊं लागतें. अशा ठिकाणीं गांवचा लहान बांध, पाझर तलाव किंवा ओढ्याकांठची सखल जमीन बुजविली गेली, तर लोंढ्याची थांबावयाची जागाच गेली असें होतें.

या कामीं इतिहाससंशोधकांस करण्यासारखें पुष्कळ आहे. गांवनकाशे, जुनीं मोजणीचीं पत्रकें, इनामपत्रें व देवस्थानांचे हिशेब यांत ओढ्यांच्या मूळ वाटा, तळ्यांच्या चतुःसीमा आणि बांधांच्या दुरुस्तीचे खर्च नमूद असतात. मावळ व खेड या तालुक्यांतील वाचकांनीं आपापल्या गांवच्या अशा कागदांचे उतारे घेऊन ठेवावे, आणि वृद्ध माणसांस ओढा पूर्वीं कोठून जात असे हें विचारून लिहून ठेवावें, अशी आमची विनंति आहे. पात्र बुजविलें तरी पाण्यास उतार सांपडतोच. तो उतार कोणत्या घरांखालून गेला आहे, हें पावसापूर्वीं कळलें तर जीव वांचतील.