शोधनिबंधाची शिस्त : रुग्णाच्या खाटेपासून नियतकालिकाच्या पानापर्यंत



वार्षिक अहवाल म्हटला की बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, शस्त्रक्रिया किती आणि जमाखर्चाचा ताळमेळ काय, हे वाचकांस अपेक्षित असते. ती माहिती अहवालात यथास्थान आहेच. या लेखात मात्र आम्ही एका अशा कामाविषयी लिहीत आहोत, जे वॉर्डात दिसत नाही आणि ज्याची पावतीही फाडली जात नाही. ते काम म्हणजे रुग्णसेवेतून हाती आलेला अनुभव शोधनिबंधाच्या रूपात वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठविण्यायोग्य करणे. 'दवाखान्याने रुग्ण बरे करावेत, निबंध कशाला लिहावेत?' असा प्रश्न आपुलकीने विचारणारे असतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

लिहिले म्हणून पोहोचले

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या मातीतले आहे. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर शिक्षणानंतर रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तरुण माणसे आणि मुले दगावत होती. दरदरून घाम, वांत्या, थंड पडलेले हातपाय आणि त्यानंतर हृदय थकून फुप्फुसात पाणी भरणे, हा क्रम त्यांनी रुग्णाशेजारी बसून टिपला. १९८२ मध्ये त्यांची ही निरीक्षणे लंडनच्या 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध या विषाच्या परिणामाला उतारा ठरते, हे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री प्राप्त झाली.

बिरवाडीच्या केंद्रात वाचलेले प्राण ही बावस्करांची रुग्णसेवा होती. परंतु ज्या रुग्णांना त्यांनी कधी पाहिलेही नाही, त्यांच्यापर्यंत हा उपचार पोहोचला तो निबंधामुळे. ग्रामीण रुग्णालयात असे कितीतरी ज्ञान साठत असते. सर्पदंश, विंचूदंश, कीटकनाशकांची विषबाधा, उन्हातान्हात राबणाऱ्यांचे विकार हे महानगरातील मोठ्या संस्थांपेक्षा शेतशिवाराजवळच्या डॉक्टरांच्या अधिक पाहण्यात येतात. ते लिहिले गेले नाही, तर डॉक्टरांची बदली किंवा निवृत्ती होताच ते ज्ञानही त्यांच्यासोबत निघून जाते.

एकच साचा कशासाठी?

लिहायचे म्हणजे मनास येईल तसे लिहायचे नसते. प्रत्येक नियतकालिक लेखकांसाठी सूचना प्रसिद्ध करते आणि त्या काटेकोर असतात. प्रथमदर्शनी त्या जाचक वाटतात. अंकुशनगरच्या वाचकांना मात्र त्यांचे मर्म सहज उमजावे. आपल्या परिसराची ओळखच साखर कारखान्याशी जोडलेली आहे. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली, तो साखर उतारा. प्रत्येक कारखान्याने हा उतारा आपापल्या रीतीने मोजला असता, तर एका कारखान्याची दुसऱ्याशी तुलनाच झाली नसती आणि उताऱ्याशी बांधलेल्या ऊसदरावर कोणाचा विश्वासही बसला नसता. मोजण्याची रीत ठरलेली आहे, म्हणून आकड्याला अर्थ आहे.

वैद्यकीय लेखनातही हेच घडले. पूर्वी प्रत्येक नियतकालिकाचे नियम निराळे असत. एकाकडून परत आलेला निबंध दुसऱ्याकडे पाठवायचा, तर तो सगळा नव्याने टंकलिखित करावा लागे. जानेवारी १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर शहरी एकत्र आले आणि हस्तलिखितासाठी समान नियम ठरविण्याचे काम सुरू झाले. ते नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. याच गटातून पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. आज जगभरातील असंख्य वैद्यकीय नियतकालिके याच चौकटीला धरून आहेत.

निबंधाची बांधणी

मूळ संशोधनाच्या निबंधाचे मुख्य भाग चार : प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे आणि चर्चा. प्रश्न काय होता, तो सोडविण्यासाठी काय केले, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय, असा हा सरळ क्रम आहे. प्रारंभी शीर्षकपृष्ठ आणि बहुधा अडीचशे शब्दांच्या आसपासचा सारांश असतो. अखेरीस संदर्भसूची येते.

शीर्षकपृष्ठ स्वतंत्र ठेवण्यास कारण आहे. निबंध संपादकाकडून त्या विषयाच्या अन्य तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी जातो. अनेक नियतकालिकांत परीक्षकास लेखकाचे व संस्थेचे नाव कळू दिले जात नाही. निबंध मोठ्या महाविद्यालयाचा की आडगावच्या दवाखान्याचा, हे ठाऊक नसताना परीक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू. लहान संस्थेच्या दृष्टीने हा नियम मोठा न्याय करणारा आहे.

पद्धती हा निबंधाचा कणा होय. रुग्ण कोणते निवडले, कोणते वगळले, काय मोजले आणि कशाने मोजले, हे इतक्या स्पष्टतेने लिहावे लागते की परक्या ठिकाणचा डॉक्टर तेच काम पुन्हा करू शकेल. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत केलेला अभ्यास याचे उत्तम उदाहरण आहे. त्यांनी दवाखान्यात आलेल्या स्त्रियांपुरतेच न थांबता दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा त्रास असल्याचे आढळले आणि १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'ने तो निबंध छापला. केवळ दवाखान्यात आलेल्यांत हा आकडा निघाला असता, तर 'आजारी होत्या म्हणूनच त्या आल्या' असे कोणीही म्हटले असते. गावातील स्त्रिया तपासल्या, ही पद्धती नमूद असल्यामुळेच जगाला त्या आकड्याची दखल घ्यावी लागली.

निरीक्षणांच्या भागात आकडे छेदासह द्यावे लागतात. 'बहुतेक रुग्ण बरे झाले' हे वाक्य नियतकालिकात चालत नाही. बावस्कर दांपत्याने २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूदंशाची चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरील प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्ण त्या वेळेत लक्षणमुक्त झाले. किती जणांपैकी, किती जण आणि किती वेळात, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वाचणाऱ्या डॉक्टरला आपल्या रुग्णासाठी निर्णय घेता येतो.

बारीकसारीक नियमांचेही असेच आहे. औषधाचे मूळ नाव लिहायचे, कंपनीचे व्यापारी नाव नव्हे, कारण ते नाव परप्रांतात ठाऊक नसते. संक्षेप प्रथम आला की त्याचे पूर्ण रूप द्यायचे. तक्त्यांना क्रमांक आणि शीर्षक हवे, आणि तक्ता मजकुराविनाही समजला पाहिजे. मजकुरात ज्या क्रमाने संदर्भ येतात, त्याच क्रमाने त्यांना अंक द्यायचे. ओळींत दुप्पट अंतर आणि कडेला मोकळा समास ठेवण्याची प्रथा परीक्षकाच्या शेऱ्यांसाठी पडली. संदर्भ देताना मूळ निबंध स्वतः वाचलेला असावा. दुसऱ्याच्या सूचीतून उचललेली चूक पुढे अनेक निबंधांतून फिरत राहते.

रुग्णाचा मान प्रथम

नातेवाइकांनी पुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा, अशी विनंती आहे.

रुग्णाची माहिती ही रुग्णाची असते. एखाद्या रुग्णाची हकिकत किंवा छायाचित्र प्रसिद्ध करावयाचे असल्यास त्याची लेखी संमती घ्यावी लागते. रुग्ण अज्ञान असल्यास ती पालकांकडून घेतली जाते. उपचारासाठी दिलेली संमती यासाठी पुरत नाही. प्रसिद्धीची संमती वेगळी असते आणि ती रुग्णाला कळेल अशा भाषेत समजावून घ्यावयाची असते. नकार देण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे आणि नकारामुळे उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये.

छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते, असा समज रूढ आहे. आंतरराष्ट्रीय संपादक समितीने ही खबरदारी अपुरी ठरविली आहे. आपल्यासारख्या भागात तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. गावाचे नाव, वय, व्यवसाय आणि दाखल झाल्याची तारीख एवढे छापले, तरी पंचक्रोशीतील लोक माणूस ओळखतील. म्हणून नाव, गाव, रुग्ण क्रमांक आणि अनावश्यक तारखा निबंधातून काढाव्या लागतात. मात्र ओळख लपविण्यासाठी वय किंवा लक्षणे बदलून लिहिणे निषिद्ध आहे. तपशील गाळता येतो, खोटा देता येत नाही.

संशोधन असेल तर नीतिमत्ता समितीची मान्यता आरंभीच घ्यावी लागते. नव्या उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिची नोंदणी भारताच्या चाचणी नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. चाचणी आधीच नोंदवलेली असली की निकाल मनासारखा न आल्यास ती गुपचूप दडपून ठेवणे कठीण होते.

नाव कोणाचे, जबाबदारी कोणाची?

लेखक म्हणून नाव लावण्याचेही नियम आहेत. कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्यास मान्यता आणि संपूर्ण कामाचे उत्तरदायित्व, या चारही अटी पूर्ण झाल्या तरच लेखकपद मिळते. अधिकार मोठा म्हणून किंवा देणगी दिली म्हणून नाव लागत नाही. आर्थिक साहाय्य कोणाचे होते, हे मात्र स्पष्टपणे जाहीर करावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना लेखक मानता येणार नाही आणि त्यांचा वापर केल्यास तो सांगावा लागेल, असे संपादक समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले. यंत्र उत्तरदायित्व घेऊ शकत नाही, हे त्यामागील कारण.

एक निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवायचा असतो. शुल्क भरताच, परीक्षण न करता निबंध छापून देणारी फसवी नियतकालिकेही आज बाजारात आहेत. त्यांपासून सावध राहिले पाहिजे, कारण तेथे छापलेल्या निबंधामुळे रुग्णाचे काहीच भले होत नाही आणि देणगीदारांचा पैसा मात्र वाया जातो.

आपला सहभाग

या साऱ्याचा पाया निबंध लिहिण्याच्या टेबलावर नसून केस पेपरवर आहे. दाखल होताना वेळ नोंदली नाही, रक्तदाब मोजला पण लिहिला नाही, बरा झालेला रुग्ण पुन्हा दाखवायला आला नाही, तर सहा महिन्यांनी कितीही सुबक निबंध लिहिला तरी त्यातील रिकामी जागा भरून निघत नाही. म्हणून नातेवाइकांस नम्र विनंती की जुने कागद व औषधांच्या चिठ्ठ्या जपाव्यात, दंशाची वा विषबाधेची नेमकी वेळ सांगावी आणि रुग्णास बरे वाटले तरी सांगितलेल्या दिवशी फेरतपासणीस आणावे. विश्वस्त आणि देणगीदारांस विनंती की यंत्रसामग्रीइतकेच अभिलेख कक्षाकडे, तेथील कपाटांकडे, संगणकाकडे आणि नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याकडे लक्ष असावे. काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदीचा पहिला लाभ त्याच रुग्णास पुढील भेटीत मिळतो. तीच नोंद नियमांस धरून प्रसिद्ध झाली, तर तिचा लाभ आपल्याला कधीही न भेटणाऱ्या रुग्णासही मिळू शकतो.