डोंगरवाटेवरील धारेचे पाणी

कुमाऊँ-गढवालच्या वाटांवर प्रवाशाला ठिकठिकाणी दगडी धारा भेटतात. कोठे कोरीव सिंहमुखातून झऱ्याचे पाणी अखंड वाहत असते, तर कोठे चार पायऱ्या उतरून ‘नौला’ नावाच्या देवळीवजा वास्तूतील कुंडाशी जावे लागते. हिमाचलात अशा जलस्थानाला ‘बावडी’ म्हणतात. पहाडी गावांचा हा जीवनाधार. कुमाऊँत नववधूकडून त्याची पूजा करवितात. थकल्याभागल्या प्रवाशाला तेथे ओंजळ पुढे करण्याचा मोह न झाला, तरच नवल! परंतु, वाचकहो, ती ओठांशी नेण्यापूर्वी क्षणभर थांबा.

पाणी गार व नितळ आहे, एवढ्यावरून ते निर्दोष ठरत नाही. झरा म्हणजे वरच्या उतारावर मुरलेले पावसाचे पाणी. त्या उतारावर आज अनेक ठिकाणी घरे, हॉटेले आणि त्यांचे शोषखड्डे आहेत. तेथील मैलापाणी खडकाच्या भेगांवाटे झऱ्यास मिळते आणि रंग, वास वा चव यांवरून त्याचा सुगावाही लागत नाही. पावसानंतर हा धोका वाढतो.

सार्वजनिक नळाचेही तसेच. शिमल्यात २०१५ च्या अखेरीस आणि २०१६ च्या प्रारंभी काविळीची साथ पसरली. मैलापाण्याने दूषित झालेल्या अश्वनी खड्ड या ओढ्याचे पाणी शहराच्या नळांत आले होते. ही कावीळ हेपटायटिस-ई विषाणूची असून गर्भवती स्त्रियांना ती विशेष घातक ठरते.

पाणी उकळणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय. शिमल्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे २,२०० मीटरवर, पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. तरी रोगजंतूंच्या नाशास तेवढी उष्णता पुरते. मात्र २,००० मीटरच्या वर पाणी खळखळू लागल्यावर तीन मिनिटे उकळत ठेवावे आणि झाकून निववावे. चुलीची सोय नसल्यास क्लोरीनच्या गोळ्या जवळ असाव्यात. गढूळ पाणी आधी गाळून घ्यावे, वेष्टनावरील प्रमाणात गोळी घालावी आणि निदान अर्धा तास थांबावे. पाणी अतिशय गार असल्यास त्याहून अधिक. काही जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून शक्य तेव्हा उकळलेलेच पाणी घ्यावे. नुसत्या फडक्याने गाळ जातो, विषाणू जात नाहीत.

“गावकरी हेच पाणी पितात,” असे कोणी म्हणेल. पण त्या पाण्याने गावकरीही आजारी पडतात. म्हणून धारेपाशी साबण लावू नये, वरच्या अंगास घाण करू नये. आपल्यामागून तेथे कोणाची तरी घागर भरावयाची असते.