तिकिटांचा पंक्तिप्रपंच

आमच्या धाराशिवच्या घरीं एक काका आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढें. आकाशवाणीवरील बाळ ज. पंडितांचें मराठी धावतें समालोचन ऐकत त्यांना क्रिकेटची गोडी लागली. सामन्याचे धावफलक वहींत उतरवून ठेवण्याचा त्यांचा नेम आजहि सुटलेला नाहीं. परंतु मोठा सामना प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र त्यांना कधीं आला नाहीं. मागें अशाच एका सामन्याच्या वेळीं आमच्या पुतण्यानें हें मनावर घेतलें. विक्री सुरू होण्याच्या घटकेला घरांतील तीन मोबाइल घेऊन मंडळी बसली. पडद्यावर रांगेंतील क्रमांक उमटला, तो हळूहळू पुढें सरकला, आणि आपली पाळी येते तोंच तिकिटें संपल्याची पाटी झळकली. दुसऱ्याच दिवशीं त्या सामन्याचीं तिकिटें कोणीं तिप्पट भावानें विकावयास काढल्याचें दिसलें. काकांनीं तें ऐकलें आणि एवढेंच म्हटलें, "वाढपी ओळखीचा नसला, म्हणजे पंक्तीच्या टोकाला बसणाऱ्यानें मुकाट्यानें हात धुवावे."

हें बोलणें आमच्या मनांत घर करून राहिलें. एकाच पंक्तीला बसलेल्या एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला थेंब, हें आपल्याकडे यजमानाला लांच्छन मानतात. मग खेळाच्या पंक्तींत काय चालतें, तें पाहूं.

मुंबईचें वानखेडे मैदान उभें राहिलें, तेंच मुळीं जागांच्या वाटपावरील भांडणांतून. १९३७ सालीं खुलें झालेलें ब्रेबोर्न मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचें. कसोटी सामने तेथें होत. परंतु मुंबईच्या क्रिकेट संघटनेला आपल्या क्लबांकरितां हव्या तितक्या जागा मिळत ना. वाद विकोपास गेला, आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें जवळच दुसरें मैदान बांधलें गेलें. जानेवारी १९७५ मध्यें वेस्ट इंडीजविरुद्ध तेथें पहिला कसोटी सामना झाला.

२ एप्रिल २०११ रोजीं याच मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. जागा सुमारें ३३,०००. त्यांतील बहुतेक संलग्न क्लब आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद यांच्या वांट्याला गेल्या; सर्वसामान्यांना विकण्यास उरल्या त्या अवघ्या ४,००० च्या आसपास. म्हणजे आठांत एकहि नाहीं! तेवढ्यांसाठीं अशी झुंबड उडाली कीं विक्रीचें संकेतस्थळच कोलमडलें. जागा पुरत नाहींत म्हणून ज्यांनीं वेगळी चूल मांडली, त्यांच्याच दारीं बाहेरच्या पाहुण्यांना पानें कमी पडलीं.

क्लबांचा हक्क आम्हांस नाकारावयाचा नाहीं. उन्हातान्हांत मुलांना खेळाडू घडवितात ते तेच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कोणाला किती पानें हें विक्रीपूर्वीं सर्वांस कळावें. जें उघड सांगतां येत नाहीं, तें वाटप न्याय्य असणें कठीण.

"जो आधीं येईल त्याला आधीं" हा नियम वरवर सरळ वाटतो. परंतु मोबाइलच्या रांगेंत आधीं कोण येतो? ज्याची जोडणी वेगवान तो, किंवा ज्याचा धंदाच तिकिटें फिरविण्याचा तो. भूम-परंड्याकडील खेड्यांतील भाविक मागेंच राहतो. विंबल्डनला १९२४ पासून चिठ्ठ्या टाकून जागा देण्याची पद्धत आहे. शिवाय रोज कांहीं जागा रांगेंत उभें राहणाऱ्यांसाठीं राखलेल्या असतात. इंग्लंडांत फुटबॉलचीं तिकिटें परवानगीवांचून पुन्हां विकणें १९९४ पासून गुन्हा आहे. तेथील प्रीमियर लीगनें तर २०१६ पासून परगांवीं आपल्या संघामागें जाणाऱ्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. दुरून येणाऱ्याची निष्ठा त्यांनीं हिशेबांत धरली, हें आम्हांस विशेष वाटतें.

आपल्याकडे नेमकें याच बाबतींत दुर्लक्ष होतें. २०२३ चा विश्वचषक ५ ऑक्टोबरला सुरू व्हावयाचा होता. त्याचा कार्यक्रम २७ जूनला, म्हणजे जेमतेम १०० दिवस आधीं, जाहीर झाला. रेल्वेचें आरक्षण तेव्हां १२० दिवस आधीं खुलें होत असे. त्यांतहि ऑगस्टमध्यें ९ सामन्यांच्या तारखा वा वेळा बदलल्या, आणि तिकिटांची विक्री त्या महिन्याच्या २५ तारखेपासून. मुंबईकराला याची झळ फारशी लागत नाहीं. धाराशिवहून सुमारें ४०० किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबाला मात्र गाडी, मुक्काम आणि रजा या तिन्हींची जुळणी तिकिटाआधींच करावी लागते.

खेळ आणि प्रेक्षक यांचें नातें आपल्याकडे पूर्वापार असें परकें नव्हतें. शाहू छत्रपतींनीं १९१२ सालीं कोल्हापुरास खासबाग मैदान सिद्ध केलें. तेथील उतरत्या बैठकीमुळें शेवटच्या माणसालाहि कुस्ती दिसते. आमच्याच जिल्ह्यांतील सारिका काळे यांना २०२० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला, तो खोखोसाठीं. त्या खेळाच्या मैदानाच्या कडेला उभें राहणाऱ्यास ओळखपाळख लागत नाहीं.

तेव्हां क्रिकेटच्या संस्थांकडे आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. जागांची वांटणी आधीं प्रसिद्ध करावी. मोठ्या सामन्यांचीं तिकिटें चिठ्ठ्या टाकून द्यावीं, आणि त्यांत दूरच्या जिल्ह्यांचा कांहीं वांटा राखावा. ज्याला जातां येणार नाहीं त्याचें तिकीट मूळ किमतीला परत घेऊन पुढच्याला द्यावें.

आमच्या काकांना फुकटचें पान नको आहे. मोल देण्याची त्यांची तयारी आहे. चिठ्ठींत नांव न निघालें तरी ते रुसणार नाहींत. पुढचा सामना जाहीर होतांच पुतण्या पुन्हां मोबाइल घेऊन बसणार आहे. काकांनीं त्यासाठीं नवी वही आणून ठेवली आहे.