बोटाच्या टोकावरचा रावण

औसा तालुक्यातल्या खरोशाची लेणी जांभ्यात कोरलेली. जांभा कोरायला सोपा, पण नाकडोळे जपायला बेभरवशाचा. शतकानुशतकांच्या उन्हापावसानं मूर्ती पार झिजल्यात. एकटे गेलात तर खडबडीत भिंत दिसते. गावातलं कुणी सोबत असेल तर ते बोट फिरवतं, "ही मांडी बघा, हा हात... हा रावण!" आणि भिंतीतून रावण उठतो. त्यानंतर तो न दिसणं जमतच नाही. डोळे तेच, उजेड तोच, मग बदललं काय?

अभ्यासकांना या बोटाचं कुतूहल तसं उशिराच वाटलं. नुसती माहिती ओतणं म्हणजे उलगडून दाखवणं नव्हे, असं अमेरिकेच्या फ्रीमन टिल्डननं 1957 मध्येच बजावलं होतं. पण गाइड नावाच्या माणसाची नीट उकल केली ती एरिक कोहेन या इस्रायली समाजशास्त्रज्ञानं, 1985 मध्ये. त्याला गाइडचे दोन पूर्वज सापडले: वाटाड्या आणि गुरू. रस्ते झाले, पाट्या लागल्या, तसा वाटाड्या मागे पडत गेला आणि सांगणारा, दोन जगांना जोडणारा मध्यस्थ पुढे आला.

पुढे संशोधन आणखी खोलात शिरलं. दिवसभर हसतमुख राहणं हेही श्रमच, हे ध्यानात आलं. मानवशास्त्रज्ञ नोएल सालाझारनं इंडोनेशियातलं योग्यकर्ता आणि टांझानियातलं अरुशा इथल्या गाइडांमध्ये राहून पाहिलं, तर पाहुण्यांपुढे 'अस्सल स्थानिक' कसं दिसायचं, हेसुद्धा ही मंडळी शिकून घेतात! मला हे सगळ्यात गमतीचं वाटतं.

नांदेडला हा मध्यस्थ रोज भेटतो, फक्त त्याच्या गळ्यात ओळखपत्र नसतं. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 मध्ये जिथे देह ठेवला, त्या सचखंड हजूर साहिबला पंजाबातून भाविकांची रीघ असते. तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेले दखनी शीख भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करतात आणि वळून यात्रेकरूला पंजाबीत वाट सांगतात. विद्यापीठातली 'सांस्कृतिक मध्यस्थी' ती हीच.

आणि माहूर. रेणुकेचं माहूर सगळ्यांना ठाऊक. पण देवदेवेश्वराच्या मंदिरामुळे ते महानुभाव पंथाचंही क्षेत्र. या पंथानं चौदाव्या शतकात मराठीत 'स्थानपोथी' रचली. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, कोणती जागा कुठल्या बाजूला, असा तो तपशील. भाविक त्या जागी जाऊन तिथल्या खुणेच्या ओट्याला नमस्कार करतो. कोहेनला जे दोन पूर्वज वेगवेगळे काढावे लागले, ते इथे एकाच पोथीत नांदतात: पूर्वेला की पश्चिमेला हे सांगणारा वाटाड्या, आणि तिथे काय घडलं हे सांगणारा गुरू. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकी विदुषीनं महाराष्ट्रातल्या तीर्थांचा भूगोल अभ्यासताना ही पोथी हाताशी धरली. सहाशे वर्षांपूर्वीचा गाइड अजून कामावर आहे, आणि आता त्याच्यामागे संशोधकही चालतात.