तळ पाहून जिग निवडताना

आज जिगबद्दल बोलू. जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेलं धातूचं डोकं, त्याखाली सिलिकॉनची झालर आणि गळाला ओवलेलं मऊ प्लास्टिकचं आमिष. पाण्यात हे सगळं मिळून क्रेफिशसारखं दिसतं. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंड समजा. अमेरिकेतल्या बास माशाचं ते आवडतं खाणं. क्रेफिश तळावर चालतो, म्हणून जिगही तळावर चालवायचा. आणि अडकतो तोही तिथेच.

दुकानात बहुतेक जण आधी रंग बघतात. आम्ही म्हणू, आधी डोक्याचा आकार बघा.

मिसुरी आणि आर्कान्सासच्या सीमेवरचं टेबल रॉक लेक घ्या. ओझार्कच्या डोंगरातलं हे धरण १९५८ साली पूर्ण झालं. तळाला खडी आणि फुटके खडक. इथे टोकदार डोकं कपारीत पाचरीसारखं बसतं, मग ओढाल तेवढं घट्ट! म्हणून फुटबॉल जिग. आपला गोल फुटबॉल नव्हे, अमेरिकन, दोन्हीकडे निमुळता. तो गळावर आडवा बसवलेला असतो, त्यामुळे फटीत न शिरता दगडावरून गडगडत जातो. खोल पाण्यात पाऊण औंसाचा, म्हणजे साधारण २१ ग्रॅमचा घ्या आणि उचलू नका, हळू ओढा.

पण याच तलावात बुडालेली झाडंही आहेत. फुटबॉलचे दोन्ही कान फांदीच्या बेचक्यात अडकतात. तिथे अरुंद, आर्की धाटणीचं डोकं आणि गळाच्या टोकापुढे ताठ तंतूंचा झुपका हवा. फांदी लागली की ओढायचं नाही, काठीचं टोक हलकेच उचलून जिग पलीकडे टाकायचा.

अलाबामातल्या गंटर्सव्हिलला गवताचं राज्य. त्यातली हायड्रिला तुमच्या ओळखीची आहे: शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला नरसाळ्याखाली ठेवायचो, तीच! इथे डोकं टोकदार आणि दोरी बांधायचं कडं अगदी नाकावर हवं. कडं वर असलं की प्रत्येक खेपेला गवताची जुडी घेऊन येतो. विरळ गवतात १० ग्रॅम पुरतात, दाट थरातून खाली जायला २८ ग्रॅम किंवा जास्त. दोरी विणलेली, जाड.

मऊ चिखलात हलका, चपट्या बुडाचा जिग घ्या, जड रुततो. खरं तर चिखलात फार वेळ घालवू नका, त्यातला कडक तुकडा शोधा.

तो कळतो हाताला. खडीवर टक-टक लागते, लाकडावर बोथट ठोका, गवतात रबर ताणल्यासारखं, चिखलात काहीच नाही. शिशापेक्षा टंगस्टनमधून हे स्पष्ट कळतं. महाग आहे, मान्य.

पण अडकून तुटलेला जिग तळाशीच राहतो, आणि शिशाचा असेल तर प्रश्न फक्त तुमच्या खिशाचा नाही. लून हा तिकडचा बुड्या मारणारा मोठा पक्षी पेषणीत अन्न दळायला खडे गिळतो. त्यात शिसं गेलं, किंवा जिग तोंडात राहिलेला मासा त्याने खाल्ला, तर तेच शिसं पेषणीत झिजून रक्तात जातं. एवढासा एक जिग त्याला मारायला पुरतो. न्यू हॅम्पशरमध्ये एक औंस किंवा त्याहून हलक्या शिशाच्या जिगच्या विक्रीवर आणि गोड्या पाण्यातल्या वापरावर २०१६ पासून बंदी आहे. तिकडे जाणार असाल तर जिगांचा डबा घरीच तपासून निघा.