मोरचुदाच्या पाण्यांतील सुरी

गेल्या पावसाळ्यांत इंदापुराकडील एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतावर आमचें जाणें झालें. कालव्याच्या कडेनें ऊस आणि माळावर डाळिंब व द्राक्ष, असा हा बारामती-इंदापुराचा मुलूख वाचकांस ठाऊक असेलच. डाळिंबावरील तेल्या रोगास आळा घालण्यासाठीं बोर्डो मिश्रणाच्या फवारणीची तयारी चालली होती. एका प्लॅस्टिकच्या पिंपांत मोरचूद विरघळविलेला, दुसऱ्यांत चुन्याचें दूध. शंभर लिटर पाण्यास दोन्ही एकेक किलो, असें प्रमाण. दोन्ही एकत्र ओतल्यावर आकाशी रंगाचें दाट पाणी झालें. आतां पंप सुरू होणार, तों विद्यार्थ्यानें खिशांतून एक घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी काढली, ती थोडा वेळ त्या पाण्यांत धरली आणि आमच्यापुढें केली. पात्यावर तांबूस झांक आली होती.

“अजून चुना लागेल, गुरुजी,” तो म्हणाला. त्यानें चुन्याचें दूध आणखी घातलें, सुरी पुन्हां घासून बुडविली. या खेपेस ती जशी गेली तशी स्वच्छ बाहेर आली, तेव्हां कोठें फवारणी सुरू झाली.

आम्ही तीस-पस्तीस वर्षें मुलांस ऑक्सिडीकरण व क्षपण शिकविलें. लोखंड मोरचुदाच्या द्रवांत घातलें असतां तांबें बाहेर पडतें, हें वाक्य किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल! परंतु त्याच वाक्यावर एखाद्या घरची वर्षाची मिळकत टांगलेली असूं शकते, हें आमच्या ध्यानांत कधीं आलें नाहीं. दोन वर्षांपूर्वी या मुलाने जुन्या पोत्यांतील चुना वापरला होता. फार दिवस उघडा पडलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून खडूसारखा निर्जीव होतो. सुरीची परीक्षा तेव्हां त्यास माहीत नव्हती. मिश्रणांत मोकळें तांबें राहिलें, पानें करपलीं, कळी गळली आणि मृग बहार हातचा गेला. “तुम्ही हें वर्गांत सांगितलें असतें तर?” असें तो हंसत म्हणाला खरा, पण आम्हांस कांहीं हंसूं आलें नाहीं.

तें वर्गांत न सांगितलेलें आतां सांगतों.

पूर्वीच्या पुस्तकांत व्याख्या अशी असे कीं, प्राणवायूशीं संयोग म्हणजे ऑक्सिडीकरण आणि त्याचा वियोग म्हणजे क्षपण. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सांत लव्हाझिए यानें ज्वलनाचें मर्म प्राणवायूंत आहे हें दाखविलें, तेथून ही व्याख्या आली. लोखंडाचा गंज, जळणारें सरपण, विळीवर चिरून ठेवलेलें व काळें पडणारें वांगें, येथपर्यंत ती पुरते. परंतु सुरीचा प्रकार घ्या. तेथें प्राणवायूची देवघेव मुळींच झालेली नाहीं. झालें तें इतकेंच कीं, लोखंडाच्या एका अणूनें आपले दोन इलेक्ट्रॉन पाण्यांतील तांब्याच्या कणास दिले. देणारें लोखंड विरघळून पाण्यांत गेलें. घेणारें तांबें धातुरूप होऊन पात्यावर बसलें. इलेक्ट्रॉनाचा शोध थॉमसन यानें 1897 सालीं लावला. त्यापूर्वीं ही गोष्ट कोणी सांगणार कसा? आतां इलेक्ट्रॉन गमावणें तें ऑक्सिडीकरण आणि मिळविणें तें क्षपण, अशी व्याख्या सर्वत्र रूढ आहे.

येथें मुलें हटकून अडखळतात. मिळालें कांहीं, आणि त्यास क्षपण, म्हणजे क्षीण करणें, कां म्हणावें? शंका रास्त आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मागें नेणें असा. कोळशाबरोबर भाजलेल्या खनिजांतून धातु परत मिळे, त्यावरून तो पडला. आपल्या शब्दास खनिजाचें घटणारें वजन आधाराला घेतां येईल. पण नव्या व्याख्येंतही तो शब्द वांया जात नाहीं. इलेक्ट्रॉन ऋण भाराचा असल्यामुळें, दोन इलेक्ट्रॉन मिळतांच तांब्याचा दोन धन भार शून्यावर येतो. क्षय झाला तो त्या भाराचा.

दुसरी गोष्ट, या दोन क्रिया एकमेकींवांचून घडत नाहींत. किर्दींत एकाच्या नांवें पडल्याखेरीज दुसऱ्याच्या जमेस कांहीं येत नाहीं, तसेंच हें. म्हणून दुसऱ्याचें क्षपण करणारा पदार्थ स्वतः ऑक्सिडीकृत होतो. परीक्षेंत निम्मे गुण येथेंच जातात!

आणि प्रत्येक रासायनिक क्रिया या जातीची असते असेंही नव्हे. मोरचुदांत चुना घातला असतां तांबें न विरघळणाऱ्या रूपांत जातें, पण त्याचा दोन धन भार कायमच राहतो. तेथें देवघेव नाहीं. मोकळें तांबें असें बांधलें गेलें कीं सुरीला घेण्यासारखें कांहीं उरत नाहीं. लोखंडी पिंपांत हें मिश्रण कां करूं नये, याचेंही उत्तर यांतच आहे. पिंपच सुरीचें काम करूं लागतें: तांबें पत्र्यावर बसतें व पत्रा खाल्ला जातो.

आमच्या भागांतील दुसरें उदाहरण गुऱ्हाळाचें. पिवळाधमक गूळ बाजारांत भाव खातो, म्हणून कांहीं ठिकाणीं रसांत हायड्रोस घालतात. तें जबरदस्त क्षपणकारक द्रव्य रंगद्रव्यांस इलेक्ट्रॉन देऊन त्यांचा रंग घालवितें. परंतु साठवणींत हवेचा प्राणवायु आपलें काम करितो व तोच गूळ पुन्हां काळवंडूं लागतो. गृहिणींनीं रंगावर भाळूं नये, एवढें जातां जातां सुचवितों.

घरीं परतल्यावर आम्ही नातवंडांस जमवून कांचेच्या जुन्या बरणींत मोरचूद विरघळविला व त्यांत घासलेला खिळा सोडला. (मोरचूद विषारी, मुलांच्या हातीं एकट्यानें देऊं नये.) सायंकाळपर्यंत निळा रंग उतरून पाणी हिरवट झालें आणि खिळ्यावर तांब्याचा थर चढला. धाकट्या नातीनें विचारलें, “आजोबा, मग खिळ्यांतलें लोखंड कुठें गेलें?” आम्हीं बरणींतल्या हिरवट पाण्याकडे बोट दाखविलें. मग खिळ्यानें भागेना म्हणून स्वयंपाकघरांतली एक सुरीही बुडविण्यांत आली. ती सूनबाई अद्याप शोधीत आहेत.