सॉकेटातली चिप

७ ऑक्टोबर २०२५ ला क्वालकॉमने मायक्रोकंट्रोलरचे खुले बोर्ड बनवणारी आर्डुइनो ही कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी ‘उनो क्यू’ हा नवा बोर्डही पुढे आणला. मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या बलाढ्य अमेरिकी कंपनीने इटलीतल्या एका शिक्षणसंस्थेतून निघालेला उद्योग घ्यावा, यात व्यापार म्हणून नवल नाही. आर्डुइनोचं नाव स्वतंत्र राहील, इतर कंपन्यांच्या चिपही चालतील, असा शब्द तेव्हा दिला गेला. पुढच्याच महिन्यात वापराच्या अटी बदलल्या. त्यात यंत्रणा उलगडून तिची रचना शोधण्यावर बंदी घालणारं कलम दिसलं, गदारोळ झाला, आणि ते कलम ऑनलाइन सेवांपुरतंच आहे, बोर्डांना लागू नाही, असा खुलासा करावा लागला. खुलासा खरा मानू. तरी वीस वर्षांत ज्याच्या नावाला मोकळेपणा चिकटलेला होता, त्याच्याबद्दल ‘हे उघडून बघायला परवानगी आहे ना?’ असं विचारायची वेळ आली, आणि ही गोष्ट लागायला हवी ती पाण्याखालचे रोबो हौसेने बनवणाऱ्यांना. जमिनीवरच्या गाडीतला बोर्ड वर्षानुवर्षं कोरडा राहतो. पाण्यात जाणारा बोर्ड आज ना उद्या भिजतो, आणि मग तो उघडावा लागतो, तपासावा लागतो, त्यातलं जळलेलं बदलावं लागतं. पहिलं किट निवडताना बघायची गोष्ट हीच आहे, आणि गेली काही वर्षं नेमकी तीच सोडून बाकी सगळं बघितलं जातंय.

२००५ पूर्वीचा काळ झटकन ओलांडता येतो. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांत ८०५१ चे जाडजूड संच होते, असेंब्ली भाषा होती आणि चिपमध्ये प्रोग्रॅम भरायला वेगळं यंत्र लागायचं. हौशी माणसाचं तिथे काही काम नव्हतं. पण त्या काळातली एक गोष्ट विसरता कामा नये: पाण्याखालच्या रोबोंचं शिक्षण तेव्हा मायक्रोकंट्रोलरशिवाय उत्तम चाललं होतं. हॅरी बोम आणि विकी जेन्सन यांनी १९९७ मध्ये घरगुती सामानातून असा रोबो बनवण्याचं पुस्तक काढलं. त्याच वाटेने २००३ मध्ये एमआयटीच्या सी ग्रँट विभागात ‘सीपर्च’ उभा राहिला: पीव्हीसी पाइपचा सांगाडा, फोटोच्या रोलच्या डबीत मेण ओतून बंद केलेल्या तीन मोटरी, आणि किनाऱ्यावर हातात साधी बटणं. २००४ च्या ‘मेट’ या पाण्याखालच्या रोबोंच्या स्पर्धेत अॅरिझोनातल्या कार्ल हेडन हायस्कूलच्या मुलांनी पीव्हीसीच्याच रोबोने एमआयटीला मागे टाकलं. त्यांच्या डब्यात पाणी झिरपत होतं, आणि ते शोषून घ्यायला त्यांनी आत टॅम्पॉन ठेवले होते. पाण्याखाली खरा प्रश्न कशाचा असतो ते या एका तपशिलात दिसतं. चिप किती वेगाने धावते हा तिथला प्रश्नच नव्हता.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावच्या संस्थेत आर्डुइनो जन्मला. त्याचा पाया त्याच संस्थेतल्या एर्नांदो बारागानने आपल्या प्रबंधासाठी केलेल्या ‘वायरिंग’ या कामाने घातला होता. आर्डुइनोच्या कौतुकात हे नाव फार काळ दबून राहिलं, म्हणून इथे मुद्दाम लिहायला हवं. पहिल्या चार-पाच वर्षांत बोर्डांची नावं बदलत गेली, आकार थोडेफार बदलले. त्यात रेंगाळण्यासारखं काही नाही.

रेंगाळायचं ते २०१० ते २०१९ या दशकात. २०१० मध्ये उनो आला. त्यावरची एटीमेगा ३२८पी चिप आजच्या मोजमापात केविलवाणी वाटेल: वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा, चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट स्मृती. पण बोर्ड हातात घेऊन बघावा. ही चिप २८ पायांची, लांबट, काळी, आणि ती सॉकेटात बसवलेली असते. पिन जळली तर बारीक पेचकस खाली सरकवून चिप दोन्ही टोकांनी हळूहळू उचकटायची आणि खाचेची बाजू बघून दुसरी बसवायची. नव्या कोऱ्या चिपमध्ये बूटलोडर, म्हणजे संगणकावरून प्रोग्रॅम उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम, नसला तरी तो भरायला दुसरा उनोच चालतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्याला चिपचा नंबर सांगता येतो, त्याला ही दुरुस्ती जमते. बोर्डाचा संपूर्ण नकाशा कुणालाही बघायला खुला. याच मोकळेपणाने आर्डुइनोला एका मोठ्या संकटातून तारलं, हेही नोंदवायला हवं. २०१५ मध्ये संस्थापकांत फूट पडली, आर्डुइनो नावाच्या दोन कंपन्या कोर्टात भांडू लागल्या, अमेरिकेबाहेर ‘जेन्युइनो’ असं दुसरं नाव घ्यावं लागलं. २०१६ च्या ऑक्टोबरात समेट होईपर्यंत या भांडणाने शिकणाऱ्यांचा वेळ आणि विश्वास दोन्ही वाया घालवले. पण एकाही शिकणाऱ्याचं काम अडलं नाही, कारण नकाशे कुणा एकाच्या तिजोरीत नव्हते.

पाण्याखाली हाच मोकळेपणा २०१२ मध्ये उतरला. एरिक स्टॅकपोल आणि डेव्हिड लँग यांनी ओपनआरओव्ही या पाण्याखालच्या रोबोसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर २० हजार डॉलर मागितले. मिळाले १ लाख ११ हजारांहून जास्त. निमित्त होतं उत्तर कॅलिफोर्नियातल्या पाण्याने भरलेल्या एका गुहेत सोनं असल्याच्या दंतकथेचं. सोन्यापेक्षा त्यांनी दिलेलं मोलाचं होतं: लेझरने कापलेल्या अॅक्रिलिकचा सांगाडा, नळीत बसवलेली इलेक्ट्रॉनिक्स, खेळण्यातल्या विमानांच्या ब्रशलेस मोटरी, आणि या सगळ्याची रेखाटनं खुली. तारेवर इनॅमल असल्यामुळे ब्रशलेस मोटर पाण्यात तशीच फिरू शकते, तिला बंद डब्याची गरज नाही, ही गोष्ट असंख्य हौशींना याच रेखाटनांतून कळली. २०१४ मध्ये ब्लू रोबॉटिक्सने पाण्यातच फिरणारा टी१०० थ्रस्टर आणला आणि मोटर बंद करण्याची डोकेदुखी ज्यांना नको, त्यांना रस्ता मिळाला. ड्रोनसाठी लिहिलेलं, मुळात आर्डुइनोच्या बोर्डांवर वाढलेलं आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर पाण्यात उतरून ‘आर्डूसब’ झालं. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांची ‘मत्स्य’ ही स्वयंचलित पाणबुडी अमेरिकेतल्या रोबोसब स्पर्धेत उतरू लागली, तीही याच दशकात. नवशिक्याला चढायला पायऱ्या होत्या आणि एकही पायरी कुलूपबंद नव्हती.

ती वाट हळूहळू बुजली. २०१५ मध्ये ओपनआरओव्हीनेच ‘ट्रायडंट’ जाहीर केला. देखणा, वेगवान, तयार आणि सीलबंद. लोकांनी ८ लाखांहून अधिक डॉलर ओतले, म्हणजे मागणी होती हे मान्य. पण त्यात शिकणारा माणूस गिऱ्हाईक झाला. २०१९ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळून सोफार ओशन झाली, लक्ष समुद्रातल्या तरंगत्या मापकांकडे गेलं, आणि पुढे ट्रायडंटची विक्रीही थांबली. सीलबंद यंत्राचा बनवणारा निघून गेला की यंत्र म्हातारं होत नाही, एकदम मरतं. २०१२ च्या रेखाटनांवरून मात्र अॅक्रिलिक आजही कापता येतं.

आता मूळ प्रश्नाकडे. नवशिक्याचा रोबो बंद पडतो तो कुठे? १५ मीटर कॅट-५ केबल घ्या. तिच्या एका तारेला मीटरमागे साधारण ०.०८ ओहम रोध. जायची आणि यायची तार मिळून ३० मीटर, म्हणजे अडीच ओहम. मोटरने २ अँपिअर ओढले की वाटेतच ५ व्होल्ट खर्च होतात; किनाऱ्यावर १२ असलेले खाली ७ उरतात. मोटर सुरू होतानाचा झटका याहून मोठा. उनोला जॅकमधून किमान ७ व्होल्ट हवेत, त्यामुळे त्याच जोडीवर बोर्ड असेल तर तो रीसेट होतो, आणि मूल बिचारं रात्रभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतं. साध्या मायक्रोकंट्रोलरची किंमत इथे कळते. रीसेट झाला की १३ नंबरच्या पिनवरचा दिवा लुकलुकतो, दोन सेकंदांत काम पुन्हा सुरू होतं, आणि मल्टिमीटरची टोकं पाच व्होल्टच्या पिनवर ठेवली की खरा गुन्हेगार सापडतो. याच जागी मेमरी कार्डावरून लिनक्स चालवणारा बोर्ड असता, तर वीज अशी वारंवार तुटल्यामुळे कार्डावरची माहितीच बिघडण्याचा धोका, आणि प्रत्येक वेळी तो उठेपर्यंत रोबो विहिरीच्या तळाशी.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला पिकोचा. २०२१ मध्ये ४ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिकोला दोन गाभे आहेत, २६४ किलोबाइट स्मृती आहे, आणि खोली मोजणारा चांगला दाबमापक ३.३ व्होल्टवर चालतो, तो त्याला थेट जोडता येतो. उनोला मध्ये व्होल्टेज बदलणारी पट्टी लागते. हे सगळं खरं, आणि ज्याचं सोल्डरिंग बरं आहे त्याने पिको घ्यावा, बुडाला तर दुसरा आणावा. फक्त त्याच्या पिनांना चुकून ५ व्होल्ट लागले तर चिप जाऊ शकते, आणि नवशिक्याच्या हातून ही चूक होतेच. दुसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा: कॅमेऱ्यातून मासे ओळखायचे तर २ किलोबाइटमध्ये काय होणार? काहीच नाही. पण ते काम मोटरी सांभाळणाऱ्या बोर्डाचं नव्हेच. ओपनआरओव्हीत लिनक्स चालवणारा बीगलबोन वेगळा आणि एटीमेगा वेगळा होता, ब्लू रोबॉटिक्सच्या ब्लूआरओव्ही २ मध्ये रास्पबेरी पाय आणि मोटरी सांभाळणारा पिक्सहॉक होते, आणि नव्या उनो क्यूवरही लिनक्सच्या प्रोसेसरशेजारी एसटीएमची स्वतंत्र मायक्रोकंट्रोलर चिप बसवावी लागली आहे. कॅमेऱ्याचं काम नंतर जोडता येतं. मोटरींचं काम आधी कळायला हवं. तिसरा आक्षेप असा की जुने नकाशे खुले आहेत, नकला मिळतात, मग रडायचं कशाला? कारण नकाशा उरला तरी त्यावर शिकवणारे उरतीलच असं नाही. शिवाय स्वस्त नकलांपैकी कित्येकांत चिप आता बारीक, थेट बोर्डावर डाग दिलेली असते. २०२३ च्या उनो आर४ मध्येही ती तशीच आहे. सॉकेट गेलं, आणि फारसं कुणी हळहळलंही नाही.

हा हौशी मंडळींपुरता विषय राहिलेला नाही. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, १० हजार शाळांत त्या उभ्या राहिल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. या लॅबमध्ये कुठलं किट येतं यावर मराठी शाळांतल्या मुलांचा पहिला अनुभव ठरणार आहे. बाजारातला ठरीव डबा मात्र पाण्याला निरुपयोगी आहे. ब्लूटूथ आणि वायफायच्या लहरी हातभर पाण्यातूनही पार होत नाहीत. एचसी-एसआर०४ हे अंतर मोजणारं उपकरण हवेतलं, उघडं. पाणी लागलं की संपलं. एल२९८एन हा मोटर चालवणारा भाग स्वतःच दोनेक व्होल्ट खाऊन गरम होतो, आणि केबलमध्ये आधीच आटलेल्या वीजपुरवठ्यात हे परवडत नाही. शिवाय १० सेंटिमीटर व्यासाचं झाकण १० मीटर खोलीवर पाऊणशे किलोहून जास्त भार झेलतं, याचा डब्यावरच्या माहितीत उल्लेखसुद्धा नसतो.

शाळेने किंवा पालकाने मागावं ते असं: सॉकेटातल्या चिपचा उनो, खरा किंवा नक्कल, आणि सोबत बूटलोडर भरलेल्या दोन सुट्या चिप. एल२९८एनच्या जागी मॉसफेटचा मोटर ड्रायव्हर. दाबमापक एक, आणि त्याच्यासाठी व्होल्टेज बदलणारी पट्टी. बोर्ड खाली ठेवायचा असेल तर आरएस-४८५ च्या दोन पट्ट्या, म्हणजे लांब केबलमधूनही संदेश शाबूत पोचतो. डब्यात पाणी शिरल्याचं कळायला उपकरण विकत घ्यायचं कारण नाही. तळाशी दोन उघड्या तारा ठेवून, एका रोधासह अॅनालॉग पिनला जोडल्या की पुरतं. उरलेले पैसे केबल ग्लँड, ओ-रिंग, एम-सील आणि जाड तारेवर. बोर्डाची खरेदी सगळ्यात शेवटी, डबा रिकामाच बादलीत, मग टाकीत, मग शेततळ्यात रात्रभर बुडवून कोरडा निघाल्यावर. आणि निविदेत एक ओळ हवी: बोर्डाचा संपूर्ण नकाशा छापील मिळाला पाहिजे, नाहीतर माल परत.